फिलाडेल्फियाची सनद आणि गंज पेठेतला हौद

१८७३ साली पुण्यात 'गुलामगिरी' नावाचे पुस्तक निघाले. मजकूर मराठी; जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवाल-जबाबाच्या रूपात मांडलेला. अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत होती आणि ती अमेरिकेतल्या संयुक्त संस्थानांच्या लोकांना उद्देशून होती. त्या काळी ग्रंथ वाहायचा तो एखाद्या गव्हर्नरसाहेबाला नाहीतर संस्थानिकाला. त्यात छपाईखर्चाची थोडी आशाही दडलेली असे. जोतीरावांनी ज्यांना पुस्तक वाहिले त्यांच्याकडून दिडकीही येण्याची शक्यता नव्हती, आणि ते मराठी वाचणार नव्हते हे तर उघडच होते. काळ्या गुलामांना मुक्त करताना त्या लोकांनी सोसलेल्या झिजेबद्दल आदर, आणि आपल्या देशबांधवांनीही इथल्या शूद्रांच्या दास्यमुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा ही इच्छा, एवढेच त्यात आहे.

महात्मा फुल्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिणाऱ्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. मी कादंबऱ्या लिहिणारा, आणि त्याआधी उभा जन्म बँकेच्या खतावण्यांत घालवलेला माणूस. पण खतावणी वाचणाऱ्याला एक सवय लागते. नोंद कोणाच्या नावावर पडली आहे हे तो आधी पाहतो. अमेरिकेचे स्वातंत्र्य १७७६ चे, तिची राज्यघटना १७८७ ची. जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र जोतीरावांनी तरुणपणीच वाचले होते. तरी ही नोंद वॉशिंग्टनच्या नावावर नाही आणि घटनाकारांच्याही नावावर नाही. ती त्यांच्यानंतर दोन पिढ्यांनी आलेल्या, त्या घटनेतली चूक रक्त सांडून दुरुस्त करणाऱ्या लोकांच्या नावावर आहे. हे असे का झाले याचा विचार करताना मला दर वेळी जोतीरावांचे चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा भागातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात फुलांचा व्यवसाय हाती आला आणि फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे व्हायच्या सुमारास गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्याला वाढवले. शाळेत घातलेला मुलगा लोकांच्या सांगण्यावरून बापाने काढून मळ्यात लावला. मग शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. बाप आपला, मुन्शी मुसलमान, साहेब ख्रिस्ती, आणि तिथे भेटलेले सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे जिवाभावाचे मित्र ब्राह्मण. पुढे ज्यांना ब्राह्मणद्वेष्टे म्हणून हिणवले गेले त्यांच्या आयुष्यातली ही पहिली माणसे लक्षात ठेवलेली बरी.

शाळा १८४७ मध्ये सुटली. त्याच सुमारास गोवंड्यांच्या सोबतीने त्यांनी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले.

या पेनबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याचे नाव फुल्यांच्या चरित्रात एका ओळीपुरते येते आणि निघून जाते. इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावी १७३७ साली जन्मलेला, बायकांच्या कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. बापाचा धंदा करून पाहिला, मग अबकारी खात्यात नोकरी धरली. १७७२ मध्ये त्याने अबकारी नोकरांना पगार वाढवून मिळावा म्हणून निवेदन लिहिले आणि दोन वर्षांत नोकरी गमावली. (बँकेत असताना संघटनेसाठी असली निवेदने मीही पुष्कळ लिहिली. त्यातून कुठे क्रांती झाल्याचे ऐकिवात नाही.) बेंजामिन फ्रँकलिनची चिठ्ठी खिशात घालून तो १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फियात उतरला, आणि जानेवारी १७७६ मध्ये 'कॉमन सेन्स' नावाची पुस्तिका लिहून त्याने वसाहतींतल्या साध्या माणसाला इंग्लंडच्या राजापासून मनाने तोडले. 'राइट्स ऑफ मॅन' नंतरचे, १७९१–९२ चे. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्कने केलेल्या टीकेला ते उत्तर होते. इंग्लंडमध्ये त्या पुस्तकावर राजद्रोहाचा खटला झाला.

पेनचे म्हणणे थोडक्यात असे की राज्यघटना आधी आणि सरकार नंतर. सरकारने केलेल्या कायद्याला घटना म्हणत नाहीत. लोक एकत्र बसून सरकारला जन्म देतात, त्याच्या हातापायांची मापे ठरवतात, तो कागद म्हणजे घटना. यासाठी तो पेनसिल्व्हानियाचा दाखला देतो. तिथे १७७६ मध्ये परिषद भरली, घटनेचा मसुदा तयार झाला. पण तो लगेच लागू केला नाही. छापून लोकांत वाटला. लोकांनी वाचावा, भांडावे, सूचना कराव्यात म्हणून परिषद मध्यंतरी उठली. नंतर पुन्हा बसून, लोकमत अनुकूल आहे असे पाहून, मग तो जाहीर केला. त्या राज्यात क्वचितच एखादे घर असे होते की जिथे घटनेची प्रत नव्हती, आणि विधिमंडळात एखाद्या विधेयकाच्या तत्त्वावर वाद झाला की सभासद खिशातून छापील घटना काढून कलम वाचत, असे पेन सांगतो. मत देण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रौढ स्वतंत्र पुरुषांना होता. जमीनदारीची अट नव्हती.

आता हे १८४७ साली पुण्यात वाचणारा वीस वर्षांचा तरुण डोळ्यांपुढे आणा. पेशवाई बुडून एकोणतीस वर्षे झालेली. शनिवारवाड्यावर निशाण इंग्रजांचे. त्याच्या बापाने एक सरकार गेलेले आणि दुसरे आलेले पाहिले होते, आणि दोन्ही वेळा त्याला कोणी विचारले नव्हते. सरकार म्हणजे पाऊस. पडला तर पडला, नाही तर नाही. तो पाऊस माणसांनी कागदावर ठरवून पाडता येतो, आणि त्या माणसांत कंचुक्या शिवणाऱ्याचा मुलगाही असू शकतो, ही बातमी त्याला या पुस्तकातून मिळाली.

गंमत अशी की ज्या मिशनऱ्यांनी जोतीरावांना इंग्रजी शिकवले त्यांना पेन मुळीच खपत नसे. 'एज ऑफ रीझन' लिहून त्याने बायबलची चिरफाड केली होती. शाळेने भाषा दिली आणि त्या भाषेतून मुलाने शाळेला नको असलेले पुस्तक वाचले. शिक्षणाचे असेच असते. दिलेले कर्ज कुठल्या कामाला वापरले जाईल यावर सावकाराची हुकमत नसते.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा अपमान झाला, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी ते गोवंड्यांबरोबर अहमदनगरला आले. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आम्हा मंडळींच्या तोंडात अजून नुसते 'नगर' आहे, तेव्हा तसेच लिहितो. बाहेरून पाहुणे आले की आम्ही नगरकर त्यांना किल्ला दाखवतो. पंडित नेहरूंनी १९४२ ते ४५ च्या कैदेत ज्या खोलीत भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला ती दाखवतो. पण लोकशाहीचा आमच्या गावाशी संबंध त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा आहे आणि तो एका अमेरिकन मास्तरणीमुळे आला आहे.

सिंथिया फरार ही बाई न्यू हॅम्पशायर राज्यातली, १७९५ ची. बोस्टनच्या अमेरिकन मिशनतर्फे ती १८२७ साली मुंबईला आली आणि १८३९ मध्ये नगरला. अविवाहित बाईने एकटीने धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडायचा ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवी होती. तिने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, त्या जोतीरावांनी पाहिल्या, आणि परत गेल्यावर १८४८ मध्येच बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी मास्तरकीचे शिक्षण फरारबाईंकडेच नगरला घेतले. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

फिलाडेल्फियात तयार झालेली अमेरिकेची घटना तेरापैकी नऊ राज्यांनी मान्य केली की अमलात येईल असे ठरले होते. ते नववे राज्य न्यू हॅम्पशायर. २१ जून १७८८ ला त्याने होकार दिला आणि अमेरिका या देशाला घटना मिळाली. त्याच राज्यात सात वर्षांनी जन्मलेल्या या बाईला त्या घटनेखाली मताचा अधिकार नव्हता. अमेरिकेतल्या स्त्रियांना तो देशभर मिळाला १९२० साली, म्हणजे बाई नगरच्या मातीत गेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी. आम्ही लोक म्हणून सुरू होणाऱ्या त्या सनदेतल्या लोकांत ती मोडत नव्हती. नगरच्या पोरींना ती पाटी-पेन्सिल देत होती, तेव्हा तिची आणि त्यांची राजकीय पत एकच होती.

मग त्या सनदेत मोडत कोण होते? १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पंचावन्न प्रतिनिधी बंद दारांआड बसले. शेवटी एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. सत्तेची तीन अंगे एकमेकांवर नजर ठेवतील अशी बांधणी त्यांनी केली, ती आजही राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला चकित करते. राजा नको, पण अध्यक्ष हवा. अध्यक्षाने विधेयक अडवावे, विधिमंडळाने दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा पुढे न्यावे. लोकसंख्येप्रमाणे एक सभागृह आणि लहानमोठ्या राज्यांना सारख्या जागा देणारे दुसरे. पण हिशेबाच्या माणसाची नजर एका कलमावर अडकते. राज्याला किती जागा द्यायच्या यासाठी माणसे मोजताना गुलाम हा पाचांपैकी तीन हिस्से माणूस धरावा असे तिथे ठरले. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या जागा मात्र वाढत होत्या. बँकेत एखाद्याने तारण ठेवलेल्या बैलालाच सहखातेदार दाखवून जादा कर्ज उचलावे, तसला हा प्रकार. पळालेला गुलाम परत द्यावा हेही घटनेत होते, आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही हेही. फक्त 'गुलाम' हा शब्द कुठे नव्हता. लाज होती म्हणायची!

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून गुलामगिरी संपेपर्यंत एकोणनव्वद वर्षे गेली. १८६१ ते ६५ चे यादवी युद्ध झाले, त्यात लाखो माणसे पडली, आणि मग घटनेला तीन दुरुस्त्या आल्या: १८६५ ची गुलामगिरी बंद करणारी, १८६८ ची नागरिकत्वाची आणि कायद्याच्या समान संरक्षणाची, १८७० ची मताधिकाराची. 'गुलामगिरी' छापली तेव्हा तिसरी दुरुस्ती तीन वर्षांची होती. जोतीराव ताज्या बातमीवर बोलत होते.

त्या युद्धाचा दुसरा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो. अमेरिकेचा कापूस बंद झाला तसा मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे हात पसरला. भाव कडाडले. मुंबईत शेअरांचे वेड लागले आणि दख्खनच्या खेड्यांत सावकार शेतकऱ्याला हवे तेवढे पैसे देऊ लागला. १८६५ मध्ये गुलाम सुटले, युद्ध थांबले, कापूस कोसळला. शेअरबाजार बसला, मुंबईची बँक बुडाली, आणि खेड्यात गेलेला पैसा वसूल करण्यासाठी सावकार दारात उभा राहिला. त्याच सुमारास पुणे आणि नगर भागांत सारा वाढवून नव्याने ठरवला गेला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कुळाच्या भल्याचा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याजासकट रकमेचा नवा रोखा लिहून घेतला जाई. बँकेच्या भाषेत याला आम्ही 'नवे-जुने' करणे म्हणतो. खात्यावर वसुली दिसते, देणे मात्र फुगतच राहते.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने धरली, आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. रोखे आणि हुकूमनामे हाती आले की त्यांची होळी होई आणि बहुतेक ठिकाणी जमाव तेवढ्यावर पांगे. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता देण्याचा मागचा इतिहास तपासायचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला.

मी पारनेर तालुक्यातल्या एका शाखेत असताना १९९० ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. एक म्हातारा, पासबुकावर शिक्का मारून दिला तरी हलेना. त्याला आपला अंगठा उठवलेला कागद परत हवा होता. कायद्याने तो रेकॉर्डला ठेवणे भाग होते हे त्याला किती सांगितले तरी पटले नाही. कागदावर आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या माणसाची कागदाविषयीची भीती काय असते, ते त्या दिवशी मला कळले. आणि जोतीराव अमेरिकेच्या लोकांना वंदन करून लगेच शाळेच्या प्रश्नाकडे का वळतात, तेही. पेनसिल्व्हानियात घरोघरी घटनेची प्रत होती ती वाचणारे घरात होते म्हणून.

जोतीरावांना आकड्यांचे अंग होते हे आपण विसरतो. ते सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचा व्यवहार होता. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्याचा खर्च पुढे आला, तेव्हा तो पैसा शिक्षणाला द्या असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला लोकांनी त्यांचे नाव दिले.

१९ ऑक्टोबर १८८२ चे हंटर आयोगापुढचे त्यांचे निवेदन मी कितीदा वाचले असेल! सारा जमिनीतून येतो, म्हणजे कष्टकऱ्यांच्या घामातून. तो खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. तेव्हा बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून निवडा, ही त्यातली मागणी. कराचा पैसा देणारा कोण आणि खाणारा कोण, हा प्रश्न घेऊनच अमेरिकेच्या वसाहती इंग्लंडशी भांडल्या होत्या. जोतीरावांनी तोच प्रश्न विचारला, पण जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू आपल्याच समाजात दाखवल्या. पेननेही हेच केले होते. 'राइट्स ऑफ मॅन'च्या शेवटच्या प्रकरणात हा जुना अबकारी नोकर चक्क अंदाजपत्रक मांडतो: गरिबांच्या चौदा वर्षांखालील मुलांसाठी वर्षाला चार पौंड, पन्नाशी ओलांडलेल्या गरिबांना सहा, साठीनंतर दहा. हक्कांची गोष्ट करणारा हा लेखक शेवटी वजाबाकी करून दाखवतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

आता अवघड भाग. जोतीरावांवरचा सर्वात जुना आक्षेप असा की ते इंग्रजांच्या बाजूचे होते. राष्ट्रीय सभा निघाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. सभेत शूद्रातिशूद्रांचे कोण आहे, आणि जातींनी चिरफाळलेली माणसे एकमय लोक झाल्याशिवाय राष्ट्र कशाला म्हणायचे, हा त्यांचा सवाल होता. याला इंग्रजधार्जिणेपणा म्हणणे सोपे आहे. मला त्यात अमेरिकेचा इतिहास दिसतो. हा माझा तर्क आहे, पण तो त्या अर्पणपत्रिकेवर उभा आहे. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ चा. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेत ती त्यानंतर बत्तीस वर्षे चालली. म्हणजे परकी राजा घालवला की आतली बेडी आपोआप गळून पडते असे नाही, उलट ती बेडी नव्या घटनेत कलम म्हणून बसू शकते, याचा धडधडीत पुरावा जगापुढे होता. वॉशिंग्टन स्वतः गुलामांचा मालक होता. अशा माणसाला पुस्तक कसे वाहणार?

पण जोतीरावांचा अंदाज एका जागी अपुरा पडला, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सरकार वरून चांगला कायदा करील आणि तो टिकेल, असा त्यांचा भरवसा बराच काळ होता. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना, १८८३ मध्ये, तो डळमळलेला दिसतो. गोऱ्या कामगारांचा ऐषआराम आणि त्यांच्या नावाखाली चालणारा कारकुनांचा कारभार यांवर त्यांचे फटके सारखेच बसतात. त्याच १८८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढला. खाणावळवाला, रेल्वे कंपनी, नाटकगृहाचा मालक यांनी काळ्या माणसाला दारातून परतवले तर ती खाजगी बाब. समानतेची दुरुस्ती फक्त सरकारला बांधते, असा निकाल झाला. दक्षिणेतून १८७७ मध्ये सैन्य मागे घेतले होतेच. पुढली ऐंशी वर्षे तिथे मताधिकार कागदावर राहिला; १९६५ च्या कायद्याने तो हातात आला. ज्या लोकांना 'गुलामगिरी' अर्पण केली त्यांचा विजय दहा वर्षांत पोखरला गेला होता.

इथे मला गंज पेठेतला हौद आठवतो. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. अमेरिकेची समान संरक्षणाची दुरुस्ती त्याच वर्षीची. हौद खाजगी होता, आणि खाजगी ठिकाणचा अन्याय हाच आपल्याकडचा मुख्य अन्याय हे त्यांनी जाणले होते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात आणला; १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि जोतीरावांना गुरू मानणाऱ्या या माणसाच्या समितीने घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार केला, तेव्हा तो छापून लोकांपुढे ठेवला गेला. सूचना आल्या, वाद झाले, मग सभेने तो घेतला. पेनने वर्णिलेली पेनसिल्व्हानियाची रीत! आणि त्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट यांची नावे घालून तिथे कोणी कोणाला अडवायचे नाही असे लिहिले. सतराव्याने अस्पृश्यता संपवली. अमेरिकेच्या न्यायाधीशांनी १८८३ मध्ये जी फट ठेवली होती ती आपल्या घटनेत बुजवलेली आहे. विहीर आणि तळे हे शब्द राज्यघटनेत का यावे लागले, हे पुणे-महाडकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नगर जिल्ह्यानेही जोतीरावांचे थोडे देणे फेडले. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीला दत्तक गेले होते. १९१० पासून त्यांनी त्या खेड्यातून 'दीनमित्र' हे पत्र चालवले आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत ते त्याच कामात राहिले.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. दोनच महिन्यांआधी, मे महिन्यात, मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली होती. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. सर्व स्त्री-पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि सारख्या हक्कांचे आहेत, हा त्याचा गाभा. पेनची छाया त्यावर स्पष्ट आहे, पण पेनने पुरुषांचे हक्क लिहिले तिथे जोतीरावांनी प्रत्येक ठिकाणी स्त्रीला आधी बसवले. पुस्तक छापलेले त्यांना दिसले नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये निघाले.

पेन १८०९ मध्ये न्यूयॉर्कला वारला तेव्हा प्रेतामागे अर्धा डझन माणसे होती. क्वेकर पंथाने आपल्या स्मशानात जागा नाकारली, म्हणून त्याला त्याच्या शेतात पुरले. दहा वर्षांनी एका इंग्रज चाहत्याने हाडे उकरून इंग्लंडला नेली आणि ती तिथे हरवली. जोतीरावांची इच्छा मिठात पुरून घेण्याची होती आणि घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे खर्चाचे कागद तपासत बसले होते, तीच ही. मग दहन झाले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या प्रेतापुढे चालल्या. रक्षा घरामागच्या जागेत ठेवली. तिथे आता तुळशीवृंदावन आहे, आणि हौद तिथून चार पावलांवर आहे.